रुक्का

पूल पुरात वाहून गेला आहे, म्हणून तुम्ही होडीत बसला आहात. खालून दिजला धावते आहे. आपल्या शाळेच्या भूगोलातली टायग्रिस ती हीच. गढूळ, फुगलेली, काठाशी भांडत जाणारी. होडीत वीसेक माणसं खांद्याला खांदा लावून बसलीत. एकाच्या मांडीवर कोंबडी, दुसऱ्याच्या काखेत चटईची गुंडाळी. आज शनिवार, १९ मे ११८४. इथल्या हिशेबाने हिजरी ५८०, सफर महिन्याची सहा तारीख. अरबी तुम्हाला कशी काय समजते, हे विचारू नका. आठशे चाळीस वर्षं मागे आलात ते चाललं, मग एवढंही चालवून घ्या.

समोरच्या माणसावर लक्ष ठेवा. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलण्यात पश्चिमेकडचा हेल. हा इब्न जुबैर, अंदलुसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ग्रॅनाडाहून निघाला, समुद्र ओलांडला, हज केली, वाळवंट तुडवत तीन दिवसांपूर्वी इथे पोचला. तो टिपणं ठेवतो. या आठवड्यातल्या बगदादबद्दल पुढच्या जगाला जे कळणार आहे, त्यातलं पुष्कळसं याच्या वहीतून. तेव्हा गर्दीत त्याचा फेटा नजरेआड होऊ देऊ नका.

बगदादकर त्याच्या मनातून साफ उतरलेत. वरवर नम्र, आतून घमेंडखोर. परक्याला कस्पटासमान लेखणारे. वजनामापात हात मारणारे. हमामखाने त्याला आवडले. भिंतींना डांबराचा लेप असतो आणि तो काळ्या संगमरवरासारखा चकाकतो. पण या शहरातल्या एका जमातीपुढे हा तिरसट प्रवासी अगदी विरघळतो. ते म्हणजे इथले वाईज. एवढी पापं करूनही बगदादेवर आभाळ कोसळत नाही ते या मंडळींच्या पुण्याईने, असं काहीसं त्याचं मत.

वाईज म्हणजे वाज करणारा. भेंडीबाजारात मोहरमच्या दिवसांत फिरला असाल तर हा शब्द कानावर पडलाच असेल. धर्माची आठवण करून देणारं, काळजाला हात घालणारं प्रवचन. शुक्रवारच्या नमाजाचा खुतबा वेगळा. तो बांधलेला, नेमलेला. वाजला बंधन कमी आणि गर्दी जास्त. आणि जिथे बंधन कमी, गर्दी जास्त आणि बोलणारा एक, तिथे काय काय होतं ते तुम्ही आपल्याकडेही पाहिलं आहे.

होडी पूर्वेच्या काठाला लागते. बसलिया दरवाज्याच्या अंगाला, खलिफाच्या वाड्यांना जवळजवळ चिकटून, नदीकाठी एक मोकळी जागा आहे. समोर घर. घरमालकाचं नाव इब्न अल-जौझी. दर शनिवारी तो आपल्या घरासमोर बोलतो, आणि आज सगळं शहर जणू तिकडेच चाललं आहे.

चटईवर कोपरा मिळतो. शेजारी एक म्हातारा आहे. बोटांवर शाई, काखेत कागदांचा गठ्ठा. हा वर्राक, कागद विकतो, पुस्तकं नकलून देतो, जुनी घेतो. तो तुमच्याकडे नीट बघतो, तुमच्या विचित्र कपड्यांबद्दल एक शब्दही काढत नाही (बगदादेत सगळ्या जगाची माणसं येतात), आणि गठ्ठ्यातून बोटभर रुंदीचा एक चिटोरा फाडून हातावर ठेवतो.

“घे, मुसाफिरा. काही विचारायचं असलं तर लिही. पुढे पोचतं.”

“हे काय आहे, बाबा?”

“रुक्का.”

शब्द ओळखीचा वाटतो ना? आपल्या जुन्या दफ्तरांत, सावकाराच्या वह्यांत भेटणारा रुक्का तो हाच. अरबीतला ‘रुक्आ’ फारसीच्या वाटेने महाराष्ट्रात उतरलेला. इथे त्याचं काम वेगळं आहे. वाईज मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या आसनावर, चढला की प्रश्नांचे चिटोरे हातोहात पुढे जातात. त्याने ते उघडायचे, सगळ्यांसमोर वाचायचे आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. काल, शुक्रवारी, निझामिया मदरशात शाफई पंथाचे प्रमुख अल-कझविनी बोलले. त्यांच्यावर चहूबाजूंनी रुक्के आले. त्यांनी सगळे गोळा केले आणि एकेकाला उत्तर देत संपवले. इब्न जुबैर तिथे होता. तो अजून त्याच गुंगीत आहे.

हजारो माणसांपुढे बोलणाऱ्याला कोणीही, नाव न सांगता, काहीही विचारू शकतो आणि त्याला टाळता येत नाही. आपल्याकडच्या किती व्यासपीठांवर ही सोय आहे, याचा विचार करायला आत्ता वेळ नाही. म्हातारा बोलू लागला आहे.

“आज जो बोलणार आहे ना, त्याने आपल्याच धंद्यातल्या लोकांवर पुस्तक लिहिलंय. मी नकललंय ते.”

पुस्तकाचं नाव ‘किताब अल-कुस्सास वल-मुझक्किरीन’, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांचं आणि आठवण देणाऱ्यांचं पुस्तक. कुस्सास हे अनेकवचन. एक असेल तर कास. ज्या धातूपासून हा शब्द आला त्यातूनच आपला ‘किस्सा’ आला. मराठीत किस्सा सांगणारा माणूस खरंच बोलत असेल अशी कोणाचीच अपेक्षा नसते. बगदादेतही कासची पत तेवढीच उरली आहे. पूर्वी तसं नव्हतं. पहिल्या पिढ्यांत मशिदीत बसून संतांच्या, पैगंबरांच्या गोष्टी सांगणं हे मानाचं काम होतं, आणि ते करणारे जपून बोलत. पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद गुरुवारीच बोलायचे. रोज बोला असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. लोक कंटाळतील ही त्यांची भीती. हजरत अलींची शिकवण अशी की ऐकणाऱ्याला पेलेल तेवढंच सांगावं; न पेलणारं सांगितलं तर तो खुद्द देवालाच खोटं ठरवून मोकळा होईल. मग गर्दी वाढली, गर्दीबरोबर पैसा आला, आणि नुसत्या खऱ्या गोष्टी पुरेनाशा झाल्या. ८९२ साली तर सरकारने बगदादेत दवंडीच पिटवली, की कास, ज्योतिषी आणि भविष्य सांगणारे यांनी रस्त्यात किंवा जामा मशिदीत बसायचं नाही. एकाच दवंडीत तिघं!

“तुला रुसाफ्याच्या मशिदीतली गोष्ट ठाऊक आहे?” म्हातारा विचारतो. नाही म्हणा. तो कसाही सांगणारच आहे.

नवव्या शतकाचा पूर्वार्ध. याच शहरातली रुसाफा मशीद. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितली जाणारी वचनं, पारखण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नाही असे दोघं, अहमद इब्न हंबल आणि याह्या इब्न मईन, नमाज आटोपून बसले आहेत. एक कास उभा राहतो आणि सुरू करतो: मला अहमद इब्न हंबल आणि याह्या इब्न मईन यांनी सांगितलं, त्यांना अमक्याने, त्याला तमक्याने, थेट पैगंबरांपर्यंत. साखळी चोख. आणि साखळीच्या टोकाला काय? तर जो कलमा म्हणेल त्याच्या एकेका शब्दातून अल्ला एक पक्षी निर्माण करतो, चोच सोन्याची, पिसं पोवळ्याची. हे पाल्हाळ वीसेक पानं होईल इतकं चालतं. अहमद याह्याकडे बघतात, याह्या अहमदकडे. तुम्ही सांगितलंत हे? छे, मी आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. पैसे गोळा करून झाल्यावर याह्या त्याला हाताने खूण करतात. बक्षिसीच्या आशेने तो लगबगीने येतो. याह्या म्हणतात, मी याह्या इब्न मईन, हे अहमद इब्न हंबल, आम्ही असलं काही कधी ऐकलेलंसुद्धा नाही. कास क्षणभरही गडबडत नाही. याह्या मूर्ख आहे असं मी ऐकून होतो, म्हणतो, आज खात्री पटली. जगात काय तुम्ही दोघंच या नावाचे? मी तर सतरा अहमद इब्न हंबलांकडून हदीस लिहून घेतल्या आहेत! अहमद बाहीने तोंड झाकतात आणि म्हणतात, जाऊ दे त्याला.

तुम्ही हसता. आजूबाजूचे दोघंतिघं, ज्यांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल, तेही हसतात. आता तुम्हाला वाटतं, काळाच्या प्रवासात आलोच आहोत तर आणखी साडेतीनशे वर्षं मागे जाऊ, रुसाफ्यात बसू, तो सतरा अहमदवाला डोळ्यांनी पाहू. तेवढं मात्र जमायचं नाही. चौदाव्या शतकात अल-झहबी नावाचा जबरदस्त हदीस-चिकित्सक ही गोष्ट तपासणार आहे, आणि ती सांगणाऱ्या माणसावरच त्याला संशय येणार आहे, की हा किस्सा त्यानेच रचला असावा. खोट्या किस्स्यांविरुद्धचा सगळ्यात गाजलेला किस्साही खोटा असू शकतो. त्या मशिदीत जाऊन बसलात तरी कदाचित कोणी उभंच राहणार नाही. म्हाताऱ्याला हे सांगू नका. त्याचा धंदा नकला करण्याचा आहे.

गर्दी एकदम शांत होते. इब्न अल-जौझी आला.

सत्तरीकडे झुकलेला माणूस. घराणं तांब्याच्या व्यापारातलं. बाप तो तीनेक वर्षांचा असतानाच गेला. हंबली पंथाचा, पाच-पाच मदरसे सांभाळलेला, आणि लिहिण्याचा झपाटा असा की त्याच्या पुस्तकांची मोजदाद करणारे पुढे थकणार आहेत. रचलेल्या हदीसांचा मोठा संग्रह ‘अल-मौदूआत’ त्याचाच. सैतान कोणाकोणाला कसं गंडवतो यावरचं ‘तलबीस इब्लीस’ही त्याचंच, आणि त्यात वाईजही सुटलेले नाहीत. मूर्खांच्या गोष्टींचाही एक ग्रंथ आहे. तो मात्र सवड काढून वाचा, मजा येईल.

तो मिंबरावर बसतो, पण बोलत नाही. समोर खुर्च्यांवर वीसहून अधिक कारी, म्हणजे कुराण गाणारे, बसले आहेत. दोघंतिघं मिळून एक आयत गातात, चाल काळजाला चरे पाडणारी. ते थांबतात न थांबतात तोच दुसरे दोघंतिघं दुसऱ्या सूऱ्यातली आयत उचलतात. मग तिसरे. कीर्तनात बुवा उभे राहण्याआधी टाळकरी हवा कशी तापवतात ते ज्याने पाहिलं आहे त्याला हे नवीन नाही. नवीन आहे ते पुढचं. कारींनी ज्या आयती जशा गायल्या, कुठून कुठून वेचलेल्या, त्याच क्रमाने तो आपल्या बोलण्यात गुंफत जातो, आणि सगळं बोलणं यमकात. हे आधी ठरवून केलं म्हणावं तर कमाल, आयत्या वेळी केलं म्हणावं तर त्याहून कमाल. इब्न जुबैरकडे बघा. त्याचं लिहिणं थांबलं आहे.

मृत्यू, कबर, निष्फळ गेलेलं आयुष्य. आवाज चढत नाही, उलट खाली खाली येतो, आणि हजारो माणसं ते ऐकायला पुढे झुकतात. कुठेतरी एक हुंदका फुटतो. मग रान पेटावं तसं रडणं पसरतं. तरुण पोरं उठून मिंबराकडे धावतात, दिव्यावर पतंग झेपावतात तशी, आणि डोकं पुढे करतात. तो एकेकाच्या कपाळावरची झुलपं कापतो. तोबा केल्याची ही खूण. कोणी बेशुद्ध पडतो. लोक त्याला हातांवर झेलून बाजूला नेतात. आपल्या हातून लाखाच्या वर माणसांनी तोबा केली असा त्याचाच दावा आहे. अशा आकड्यांना पाठीमागून कोणी मोजायला जात नाही, पण आज या जागी बसल्यावर तो आकडा फार फुगवलेला वाटत नाही.

आणि तुमचे डोळे? कशाला लपवता. पुसा.

याच ओल्या क्षणी तुमच्यातला विसाव्या शतकाच्या उरल्यासुरल्या शंकेवर वाढलेला माणूस जागा होतो. तुम्हाला त्याचंच पुस्तक आठवतं, म्हाताऱ्याने नकललेलं. त्यात त्याने समव्यवसायी मंडळींच्या एकेक युक्त्या उघड्या पाडल्या आहेत. तपश्चर्येने झिजलेला दिसावा म्हणून चेहरा पिवळा रंगवणारे. हातात काहीतरी धरणारे, जे हुंगलं की डोळ्यांना धार लागते. मिंबराला रंगीबेरंगी चिंध्यांनी सजवणारे, त्यावरून स्वतःला खाली झोकून देणारे. लैला-मजनूच्या प्रेमाची कवनं ईश्वरभक्तीच्या नावाखाली गाणारे आणि पोराबाळांना, बायाबापड्यांना भलत्याच गुंगीत लोटणारे. पुढच्या शतकात अल-जौबरी नावाचा एक अवलिया ठगांच्या हिकमतींवरच पुस्तक लिहिणार आहे, आणि त्यात तो कृती देईल: मोहरी एक दिवस-रात्र व्हिनेगरमध्ये भिजवायची, त्यात रुमाल बुडवून वाळवायचा, आणि प्रवचनात गहिवर आला की त्याने तोंड पुसायचं. डोळ्यांतून गंगा-यमुना.

तुम्ही मान उंच करून इब्न अल-जौझीच्या हातात रुमाल आहे का ते बघता. नाही. चेहरा रंगवलेला? नाही. पण चाली लावून गाणारे कारी आहेत. यमकांची आतषबाजी आहे. शेवटाकडे त्याने प्रेमाच्या कवनांना हात घातलाच, आणि तेव्हा तर लोक वेडेच झाले. कपाळावरच्या झुलपांचा ढीग आहे. पुस्तकात ज्या रेषा त्याने आखल्या त्यांच्यावर तो उभा आहे, आणि पाय नक्की कुठल्या बाजूला आहेत ते धुळीत दिसत नाही.

त्याची बाजू घ्यायची तर असं म्हणता येईल: लोकांचं मन दगड झालेलं आहे, सुराविना ते हलत नाही, आणि मी सुरात जे सांगतो ते तपासलेलं असतं. पुढे पंधराव्या शतकातला सखावी मात्र हा बचावही काढून घेणार आहे. ज्या माणसाने रचलेल्या हदीसांचा ग्रंथ लिहिला, त्याच्याच वाजच्या पुस्तकांत रचलेल्या आणि तशाच संशयास्पद हदीस पुष्कळ सापडतात, असं तो नोंदवून ठेवेल. चिकित्सकाची बुद्धी एका टेबलावर, वाईजचं काळीज दुसऱ्या टेबलावर. मला हा माणूस ढोंगी वाटत नाही. समोर दहा हजार चेहरे असताना एखादी सुंदर, अर्धीकच्ची गोष्ट जिभेवर आली तर ती गिळायला काय लागतं, ते ज्याने कधी मोठ्या सभेत भाषण केलं आहे त्यालाच कळेल.

रुक्के येऊ लागतात. तो झरझर वाचतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर देतो. तुमचा चिटोरा अजून तुमच्याच मुठीत आहे. घामाने मऊ पडलाय. त्यावर तुम्ही लिहिलं आहे: लोक आयतीच्या अर्थाने रडतात की चालीने, हे तुम्हाला कसं ओळखता येतं?

“दे की,” म्हातारा म्हणतो.

तुम्ही देत नाही. तुमच्या उजवीकडचा माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून गदगदतो आहे. त्याच्या अंगावरून हात पुढे करून हा प्रश्न पाठवणं तुमच्याच्याने होत नाही.

परत येताना होडीत इब्न जुबैर कोणालाच उद्देशून नसल्यासारखा पुटपुटतो, की समुद्र पालथे घातले, वाळवंटं तुडवली, ती या माणसाची एक बैठक ऐकण्यासाठी असती तरी सौदा फायद्याचाच होता. लिहील तो हे.

गुरुवारी, २४ मे, तुम्ही पुन्हा जाता. जागा मात्र वेगळी: बाब बद्र, खलिफाच्या वाड्याचं अंगण. वरती झरोके. पडद्यांमागे स्वतः खलिफा अल-नासिर, पंचविशीतला, आणि त्याची आई. घरातल्या बायकाही तिथेच. सामान्यांनाही दार उघडं आहे, चटया अंथरल्या आहेत. इब्न अल-जौझी मिंबरावर चढतो आणि डोक्यावरची शाल, तैलसान, खाली घेतो. या जागेचा मान म्हणून. शनिवारी तसं केल्याचं तुम्हाला आठवत नाही.

बोलणं तसंच उत्तम. कदाचित जास्तच. पण खलिफासाठी दुआ आहे, स्तुती आहे, राजमातेसाठी केवढ्या मोठ्या अदबीच्या पदव्या आहेत. दोन श्रोते आहेत इथे: एक चटईवर, एक झरोक्यात. दोघांना एकच वाक्य पुरवायचं. तुमच्या खिशात शनिवारचा रुक्का आहे, पण आज तो बाहेर काढायचा विचारही मनात येत नाही, आणि का येत नाही हे तुमचं तुम्हालाच लागतं.

“हुशार आहे,” म्हातारा बाहेर पडताना म्हणतो. “एकदा शिया-सुन्नींचं जुंपलं. ठरलं, शेख म्हणतील ते खरं. पैगंबरांनंतर सर्वांत श्रेष्ठ कोण, अबू बक्र की अली?”

या प्रश्नावर बगदादेत मोहल्ले जळलेत. इब्न अल-जौझीने एकच वाक्य दिलं: ज्याची मुलगी त्याच्या घरात होती तो. एवढं बोलून तो लगबगीने खाली उतरला, पुढचा प्रश्न यायच्या आत. सुन्नी खूश: अबू बक्र यांची मुलगी आयेशा पैगंबरांच्या घरात होती. शिया खूश: पैगंबरांची मुलगी फातिमा अलींच्या घरात होती. सर्वनाम कोणाकडे जातं ते ज्याचं त्याने ठरवायचं. इब्न खल्लिकानने पुढे चरित्रकोशात ही गोष्ट नोंदवली आहे, ती कौतुकानेच.

मला स्वतःला या गोष्टीचा शेवट कौतुकापेक्षा त्या लगबगीत दिसतो. खोटं तो बोलला नाही. खरंही बोलला नाही. त्या दिवशी डोकी फुटली नाहीत, हे खरं. प्रश्न विचारणारे मात्र होते तिथेच राहिले, फक्त दोन्हीकडचे थोडे अधिक खात्रीने. याउलट कझविनी. ते शुक्रवारी गोळा केलेल्या रुक्क्यांना एकेक करून उत्तर देणारे कझविनी एकदा आशुऱ्याच्या दिवशी निझामियात बोलत होते. यझीदला शाप द्या अशी मागणी झाली. करबल्यात पैगंबरांचा नातू हुसैन ज्याच्या राज्यात मारला गेला तो यझीद. कझविनींनी नकार दिला, वर त्याला इमाम ठरवलं. लोकांनी विटा फेकल्या. त्यांचं मत मला पटत नाही, बहुतेकांना पटणार नाही. इब्न अल-जौझीने तर यझीदला शाप देणं योग्य आहे असं सांगणारं पुस्तकच लिहिलं. पण मिंबरावर बसून समोरच्यांना अजिबात नको असलेलं उत्तर, सर्वनामाचा आडोसा न घेता, देणारा माणूस त्या शहरात होता. त्याला विटा मिळाल्या आणि दुसऱ्याला टाळ्या, एवढीच नोंद.

आता दहा वर्षं पुढे या. होडी तीच, नदी तीच. तुम्ही प्रवाहाबरोबर दक्षिणेला वासितला पोचला आहात. वजीर बदलला, वारं बदललं. सूफी संत अब्दुल कादिर जिलानींचा नातू अब्दुस्सलाम याची पुस्तकं बगदादेत जाहीरपणे जाळली गेली होती, तत्त्वज्ञानाची, नक्षत्रांची. त्यात इब्न अल-जौझीचा हात होता, आणि जिलानींचा मदरसाही मग त्याच्याच ताब्यात आला. ते आता उलटलं. ११९४ मध्ये त्याला वासितला आणून एका घरात कोंडण्यात आलं. पाच वर्षं. ऐंशीकडे निघालेला हा माणूस, ज्याच्यासमोर वीस कारी खुर्च्या मांडून बसायचे, स्वतःचे कपडे स्वतः धुतो, स्वयंपाक करतो, विहिरीचं पाणी ओढतो. दोर करकरतो. ऐकायला कोणी नाही, रडायला कोणी नाही, झरोका तर नाहीच.

तुमचा जुना रुक्का खिशात आहे. पण त्याच्या एका वहीत, ‘सैद अल-खातिर’मध्ये, जिच्यात तो मनात येईल ते टिपून ठेवायचा, तुमच्या प्रश्नाच्या फार जवळ जाणारं काहीतरी आहे. एकदा बैठकीत त्याने पाहिलं, दहा हजारांहून जास्त लोक, आणि ज्याचं काळीज विरघळलं नाही वा डोळा भरला नाही असा एकही नाही. त्या क्षणी त्याच्या मनात आलं, हे सगळे तरले आणि मी एकटाच बुडालो तर? मग त्याने देवाकडे मागणं मागितलं, की मला शिक्षा द्यायचीच असेल तर यांना कळू देऊ नको; नाहीतर हे म्हणतील, ज्याने आम्हाला तुझा रस्ता दाखवला त्यालाच तू जाळलंस. प्रार्थनेतसुद्धा श्रोत्यांना काय वाटेल याची काळजी सुटत नाही. वाईज तो वाईजच.

पुढे त्याचा धाकटा मुलगा युसुफ स्वतः वाज करू लागेल, खटपट करेल, राजमाता मध्ये पडेल, आणि इब्न अल-जौझी ११९९ मध्ये परत बगदादेत येईल. १२०१ च्या रमझानात मरेल. तुम्ही मात्र त्याच्या आधीच बगदादला परतता, कारण तिथे एक काम उरलं आहे.

वर्राकाचं दुकान. तो आता खूपच वाकला आहे. पुढ्यात पुस्तकांचे गठ्ठे. इब्न अल-जौझीचा दुसरा मुलगा, अली, बाप वासितमध्ये असताना बापाची पुस्तकं विकतो आहे, मिळेल त्या भावाने. एक वही उघडी पडली आहे. काळी, घट्ट, घाईची अक्षरं.

“तू तो मुसाफिर ना,” म्हातारा डोळे बारीक करून म्हणतो. “माझा कागद घेतलास आणि रुक्का पाठवला नाहीस.”

तुम्ही खिशातून तो काढून त्याच्या हातावर ठेवता. तो वाचतो. ओठ हलतात, बहुधा हसतो. मग चिटोरा उलटा करतो, दुसरी बाजू कोरी आहे ना ते उजेडात धरून बघतो, आणि गठ्ठ्यावर ठेवून देतो.